काचेकडे पळालेला गारवा

पुलगावचा वैशाख, मागच्या बाकावर वृद्ध आई, आणि आमची जुनी टर्बो पेट्रोल मोटार! वर्ध्याच्या वाटेवर वेग घेतला की तोंडावरचा गार वारा थेट समोरच्या काचेकडे वळे. वेग कमी केला की परत येई. मेकॅनिक म्हणाला, "डॅशबोर्ड उघडावा लागेल." खर्च ऐकून आम्हाला निराळाच घाम फुटला!

वाचकहो, आधी हे पाहा. या गाड्यांत वाऱ्याच्या झडपा इंजिनाच्या निर्वात ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर हलतात. टर्बो जोरात आला की ओढ जाऊन उलट दाब येतो. तेवढा वेळ ओढ टिकवायला छोटी टाकी आणि एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड झाल्यावर व्हॉल्व्हची दिशा खूण करून तो काढा, दोन्हीकडून फुंका. हवा दोन्हीकडून गेली, तर तो निकामी. मग चिरलेल्या रबरी नळ्या शोधा.

पूर्वी आगगाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. नळी सुटली की गाडी आपोआप थांबे. इथेही तीच दूरदृष्टी! ओढ गेली तर वारा काचेवर जावा, धुके निवळावे, चालकाला रस्ता दिसावा.

आमचा दोष बोटभर नळीत निघाला. आई पुन्हा गारव्यात डुलक्या घेते आहे!