मागील बाकी



नव्या वर्षाचे स्वागत कसे करावे, याविषयी दरवर्षी या सुमारास पुष्कळ लिहिले जाते. पहाटे उठावे, देरासरात जावे, शांत चित्ताने संकल्प करावा. सारे योग्यच आहे. आमच्या बार्शीच्या घरी मात्र नवे वर्ष शांत चित्त पाहून कधी आल्याचे मला आठवत नाही. ते येते तेव्हा चार खोल्यांत 19 माणसे असतात, न्हाणीघर एकच असते, आणि कोणाचा तरी मोबाइलचा चार्जर हरवलेला असतो.

यंदा तर वर्ष नक्की कोणत्या दिवशी संपते, यावरच घरात दोन पक्ष पडले. मोटाभाईंच्या गुजराती पंचांगात दिवाळी 20 ऑक्टोबरला होती, भाभींच्या स्वयंपाकघरातील मराठी दिनदर्शिकेत लक्ष्मीपूजन 21 तारखेला. आमचे कुटुंब कित्येक पिढ्या महाराष्ट्रात. बोलणे अर्धे गुजराती, अर्धे मराठी आणि हिशेब पूर्ण मराठीत, असा आमचा संसार; तेव्हा दोन्ही पंचांगांना मान देणे भाग. तिथीच्या घटिका-पळांवर दोन दिवस फोनवर चर्चा झाली. शेवटी पुण्याची मंडळी 20 तारखेच्या रात्री उशिरा पोहोचणार असे कळले आणि वहीपूजन 21 तारखेवर आले. नव्या संवताविषयी वाद नव्हता. कार्तिक शुद्ध प्रतिपदा 22 ऑक्टोबरला, याबाबत दोन्ही भिंतींचे एकमत होते.

तरुण वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. वहीपूजन हा आज पुष्कळ घरांत केवळ विधी उरला आहे. पूर्वी तो खराखुरा हिशेबाचा दिवस होता. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळी ते दिवाळी असे आणि आयकर खात्यालाही ते मान्य असे. आमच्या बँकांचे वर्ष त्या काळी 31 डिसेंबरला संपे. पुढे कायदा बदलला आणि 1989 पासून सर्वांना 31 मार्चचे एकच वर्ष लागू झाले. तेव्हापासून आपल्या घरांत दोन वर्षे नांदतात. एक सरकारचे, ते संगणकात असते. दुसरे वीर प्रभूंच्या निर्वाणापासून मोजलेले. ते लाल कापडाच्या बांधणीत असते आणि त्यात पहिल्या पानापलीकडे फारसे काही लिहिले जात नाही. मोटाभाई मात्र आजही उधारीची एक किर्द आणि एक खतावणी हाताने लिहितात. वय 77, हात थोडा कापतो. दुकानाचा जीएसटी आणि बाकी सारा हिशेब सूनबाई संगणकावर पाहते. दोन्ही हिशेबांत फरक निघाला की चूक संगणकाची, असे मोटाभाईंचे मत आहे.

तर 21 तारखेची संध्याकाळ. पूजेची वेळ सूर्यास्तानंतरची आणि घरातील सहाजणांचा चौविहार. म्हणजे सहाच्या आत त्यांचे जेवण, पाणी सारे उरकायला हवे. त्याच वेळी मुलांना फराळ हवा, पुण्याच्या सुनेला मुलाचे दूध गरम करायचे आणि मधल्या पुतण्याला इस्त्री हवी. अंगणात फटाक्यांवरून धुसफूस चाललेली. आमच्या घरी फटाके नाहीत. सूक्ष्म जीवांची हिंसा होते हे मुलांना पाठ आहे, पण शेजारच्या अंगणातील भुईनळा पाहण्यात हिंसा किती, असा एका नातवाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर कोणी दिले नाही. पूजेच्या ताटातील चांदीचे नाणे दोन वर्षांच्या नातीने पळवले. नाडाछडी सापडली तेव्हा नागवेलीची पाने दिसेनात. पाने सापडली, तर ज्या बाजोटावर वह्या मांडायच्या त्याचा एक पाय हलत होता.

माझ्या नातवाने त्यावर इलाज शोधला. तो माळ्यावर चढला, एक जुने गाठोडे खाली ओढले आणि त्यातील दोन वह्या बाजोटाच्या पायाखाली सरकवल्या. मोटाभाईंचे लक्ष गेले. एरवी शांत असणारा माणूस एवढ्या मोठ्याने ओरडला की नात नाणे टाकून पळाली.

"वही पायाखाली? ज्ञानाची आशातना होते रे! काढ आधी!"

वह्या काढल्या. त्यांवरची धूळ पुसायचे काम रिकामा बसलेला माणूस म्हणून माझ्याकडे आले. मी ओसरीवर दिव्याखाली बसलो. एक वही संवत 2036ची होती, दुसरी 2041ची. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात घालवलेल्या माणसाच्या हाती वही आली की ती तो उघडतो. त्याला इलाज नाही. 2041ची खतावणी उघडली आणि चौथ्या-पाचव्या खात्यावर माझे स्वतःचे नाव दिसले. अक्षर मोटाभाईंचे.

खात्यात नोंदी दोनच होत्या. उजवीकडे 'मागील बाकी 6,840'. डावीकडे कार्तिक शुद्ध 1 या तारखेला 'मोटाभाई खाते 6,840'. खाली रेघ मारून खाते बंद.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. बँकेत डावी बाजू नावे आणि उजवी बाजू जमा, हे माझ्या हाडीमाशी खिळलेले. त्या सवयीने मी वाचले ते असे: माझ्या नावावर 6,840 रुपये शिल्लक होती आणि ती रक्कम मोटाभाईंनी आपल्या खात्यात वळती करून घेतली. वाचकहो, त्या क्षणी मला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही. मनात आले ते एवढेच, की वाटलेच होते.

हे शब्द कोठून आले, हे सांगितले पाहिजे. 2003 साली दुकानाच्या जागेवरील माझ्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र मी मोटाभाईंना करून दिले. कोणी मागितले नव्हते; मी बँकेत स्थिर होतो, दुकान ते चालवत होते. सही करताना मनात काही नव्हते. पण पुढे जागेचे भाव वाढले, तसतशी माझी ती सही माझ्याच नजरेत मोठी होत गेली. मुलींना मी तो प्रसंग दोन-तीनदा सांगितला आहे, जरा अधिकच विस्ताराने. मी एकट्याच्या कष्टावर एम.कॉम. केले, घरचे काही घेतले नाही आणि होते तेही सोडले, असा त्या कथेचा सूर. दर संवत्सरीला मोटाभाईंना मिच्छामि दुक्कडं म्हणताना ही गाठ मी कधी सोडली नाही. ती आहे हेच मुळी मी कधी तपासले नाही. यंदा पर्युषणात तर सर्वांना एकच संदेश पाठवून मी मोकळा झालो होतो.

मग ध्यानात आले की ही वही बँकेची नव्हे. देशी नाम्यात जमा डावीकडे असते आणि नावे उजवीकडे.

मी पुन्हा वाचले. मग 2036ची वही उघडली. त्यातही माझे खाते होते, या वेळी वडिलांच्या अक्षरात. उजव्या बाजूला ओळीने नोंदी: पुणे मनिऑर्डर 120, पुणे मनिऑर्डर 120, परीक्षा फी, पुस्तके, मनिऑर्डर 150, चष्मा. चष्म्याची किंमतही तेथे होती. मी तो चष्मा विसरलो होतो आणि त्या मनिऑर्डरीही विसरलो होतो. विसरलो होतो म्हणण्यापेक्षा, त्या येतच असत, म्हणून मी त्यांची गणती केली नव्हती. वडील काटेकोर होते. मुलाचा खर्च असला तरी खाते मुलाच्या नावे, आणि बाकी दरवर्षी पुढे ओढलेली. 1983 साली ते गेले. पुढच्याच दिवाळीनंतर, 1984च्या नव्या वहीत, मोटाभाईंनी ती संपूर्ण बाकी स्वतःच्या खात्याला लावून माझे खाते बंद केले होते. माझ्या तेव्हाच्या चार महिन्यांच्या पगाराहून ती रक्कम अधिक होती. मोटाभाईंना तेव्हा दोन लहान मुले होती.

आतून हाका येत होत्या. बाजोटाखाली आता लाकडाची चपटी सरकवली होती. मी 2041ची वही घेऊनच आत गेलो आणि ते पान त्यांच्यापुढे धरले.

"हे काय आहे?" मी विचारले.

त्यांनी चष्मा वर केला, पान पाहिले. "तुझे खाते."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुझे लग्न ठरले होते," ते म्हणाले. "नवी सून घरात येणार. तिच्या नवऱ्याच्या नावावर जुनी बाकी कशाला? बस आता, वेळ टळते आहे."

एकेचाळीस वर्षांपूर्वीची ती नवी सून शेजारीच उभी राहून कुंकू कालवत होती. तिने पानाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता कुंकवाची वाटी मोटाभाईंच्या हाताशी ठेवली. मला त्या घटकेला हक्कसोडपत्राविषयी बोलायचे होते, मुलींना काय काय सांगितले तेही सांगायचे होते. पण 19 माणसांच्या घरात असे बोलायला जागा मिळत नाही. पाठीमागून कोणीतरी मला खांद्याला धरून खाली बसवले.

पूजा झाली. मोटाभाईंनी पहिल्या पानावर श्रींचे शिखर लिहायला घेतले: वर एक श्री, खाली दोन, मग तीन. हात कापत असल्याने शिखर उजवीकडे झुकले. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य, बाहुबलींचे बळ अशी मागणी लिहून झाली आणि त्यांनी न पाहताच मला विचारले, "वीर संवत किती घालू?"

विक्रम संवतात 470 मिळवायचे, की वीर निर्वाण संवत येतो. लहानपणापासूनचा हिशेब. 2082 अधिक 470. मी म्हणालो, "2551."

"काका, 2552," सूनबाई दाराशी उभी राहून म्हणाली.

सारे घर हसले. मोटाभाई सर्वांत अधिक हसले. "एम.कॉम.!" ते म्हणाले. "6,840 रुपये पाण्यात गेले." हसता हसता त्यांचा हात हलला आणि दुसऱ्या अंकावर शाईचा थेंब पडला. तेवढ्यात नातीने कुंकवात बुडवलेला तळहात पानाच्या कोपऱ्यावर टेकवला. दुसरी वही आणू या, असे कोणी तरी सुचवले. मोटाभाईंनी नकार दिला. वर्षाचे पहिले पान आहे, माणसांच्या घरातले दिसले तर बिघडले काय, असे म्हणून त्यांनी ते वाळत ठेवले.

प्रतिपदेच्या पहाटे देरासरात गौतम रास ऐकायला आम्ही दोघे बरोबर गेलो. प्रभूंवरील राग, म्हणजे स्नेह, सुटला आणि गौतमस्वामींना त्याच पहाटे केवलज्ञान झाले, ही कथा मी साठ वर्षे ऐकतो आहे. परतताना रस्त्यात कोणी नव्हते. हक्कसोडपत्र केल्यापासून मनात जे साठवले होते ते मी मोटाभाईंना सांगितले, मुलींपुढची फुशारकीसुद्धा. ते ऐकत चालत राहिले. मारुतीच्या देवळापाशी थांबून म्हणाले, "मला ठाऊक होते. धाकटीने एकदा सांगितले होते." आणि पुन्हा चालू लागले. घरी पोहोचलो तेव्हा न्हाणीघरापुढे पाचजण उभे होते.

मुलींशी मी त्याच दिवशी फोनवर बोललो. तो संवाद येथे लिहीत नाही.

ज्ञानपंचमीला दुकान उघडले. आमची निघायची तयारी झाली होती. पुण्याला नेण्यासाठी सौ.ने दोन किलो तूरडाळ आणि गुळाची एक भेली बाजूला काढायला सांगितली होती. मी दुकानात गेलो आणि खिशातून नोटा काढल्या. मोटाभाई गादीवर बसले होते. त्यांनी नोटांकडे पाहिले नाही. नवी खतावणी पुढे ओढून सूनबाईकडे दिली आणि म्हणाले, "माझा हात नीट चालत नाही. तू लिही. याच्या नावाचे खाते उघड."