'लिंग' शब्द अडवला, ज्योतिर्लिंग अडकलं!

आपल्या लोणावळा-मावळात पोलीस भरतीची, एमपीएससीची पोरं अभ्यासिकेच्या वायफायवर अभ्यास करतात. "नको ते बघू नये" म्हणून तिथे फिल्टर बसवतात. अश्लील साइट बंद ठेवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती शब्दांची यादी टाकून हात झटकण्याला.

काम कसं चालतं बघा. मोबाइल आणि इंटरनेटच्या मध्ये एक संगणक बसवतात. तो प्रॉक्सी. स्क्विड नावाची प्रॉक्सी तर फुकट मिळते. एका फाइलमध्ये शब्द लिहायचे, खाली दोन ओळींचा नियम: यातलं काही दिसलं की अडवा. तासाभरात काम फत्ते, बिल हातात!

पण यंत्राला अर्थ कळत नाही, ते फक्त अक्षरं जुळवतं. 1996 साली अमेरिकेच्या एओएल कंपनीच्या फिल्टरला इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प या गावाच्या नावात शिवी सापडली आणि तिथल्या लोकांना खातंच उघडता येईना. मराठीत तर आणखी गंमत. 'लिंग' अडवा, भीमाशंकरचं ज्योतिर्लिंग गेलं, लिंगायत समाज गेला, व्याकरणातलं पुल्लिंग-स्त्रीलिंगही गेलं. 'स्तन' अडवा, स्तनपान आणि स्तनाच्या कर्करोगाची माहिती गेली. 'दारू' अडवा, दारूबंदीची बातमी पण बंद!

कोणी म्हणेल, पूर्ण शब्दच जुळवा ना. मग 'दारूचा', 'दारूने', 'दारूवर' सगळं सुटतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात राव.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आज बहुतेक साइट 'एचटीटीपीएस'वर चालतात, म्हणजे पान कुलूपबंद येतं. प्रॉक्सीला साइटचं फक्त नाव दिसतं. एक पान अडवायचं तर अख्खी साइट बंद करावी लागते. पान वाचायचंच असेल तर तुमच्या मोबाइलमध्ये त्यांचं सर्टिफिकेट टाकावं लागतं. ते टाकलंत की त्या वायफायवर तुम्ही जे उघडाल ते बहुतेक सगळं मधला माणूस वाचू शकतो. पासवर्डसुद्धा. तेव्हा कोणी सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

एका पानापायी सगळं बंद होणं ही कल्पना नाही. जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं अडवायला सांगितली. इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटच अडवलं. हजारो लोकांचे ब्लॉग दिसेनासे झाले, काही गुन्हा नसताना.

म्हणून मागणी साधी आहे. शब्दांची यादी नको, अश्लील साइटच्या नावांची यादी ठेवा. ती कोणी ठरवली ते फलकावर लावा. पान अडलं की "का अडलं आणि कोणाला सांगायचं" हे पडद्यावर मराठीत दिसू द्या. चुकून अडलेलं दोन दिवसांत सोडा. कोण काय बघतं याची नोंद चाळत बसू नका.

पैसा सरकारी असेल तर माहिती अधिकारात यादी मागा. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागलं तर आपण विचारतोच ना, किल्ली कोणाकडे आहे? मग इथे गप्प का?

तुमच्या अभ्यासिकेत कोणतं कामाचं पान अडलंय? कमेंटमध्ये लिहा. यादी करून संबंधितांच्या टेबलावर ठेवतो.