विश्लेषण : व्हायझर सक्तीचा, पण बसवायचा कसा? आइस हॉकीतील अर्धवट नियमाची गोष्ट

उत्तर अमेरिकेतील ‘एनएचएल’ या व्यावसायिक आइस हॉकी लीगने २०१३ मध्ये नव्या खेळाडूंना व्हायझर बंधनकारक केला. मात्र तो चेहऱ्यावर नेमका कुठपर्यंत यायला हवा, याबाबत नियम मोघमच राहिला. दोन-चार स्क्रूंचे वाटणारे हे काम डोळा वाचवणारे किंवा गमावणारे ठरू शकते.

हा प्रश्न आला कुठून?

११ मार्च २०००. टोरंटो मेपल लीफ्स आणि ओटावा सेनेटर्स यांच्यातील सामना. सेनेटर्सच्या मारियन होसाने फटका मारला आणि वर गेलेल्या स्टिकचे पाते लीफ्सचा बचावपटू ब्रायन बेरार्डच्या उजव्या डोळ्यावर बसले. बेरार्ड तेव्हा २३ वर्षांचा होता आणि त्याच्या हेल्मेटला व्हायझर नव्हता. अनेक शस्त्रक्रियांनंतरही त्या डोळ्याची दृष्टी पूर्ण परतली नाही. खास कॉन्टॅक्ट लेन्सच्या मदतीने तो पुन्हा बर्फावर उतरला. जिद्दीसाठी दिला जाणारा बिल मास्टरटन करंडक त्याला २००४ मध्ये मिळाला. हा करंडक ज्याच्या नावाने आहे, तो मास्टरटन १९६८ मध्ये हेल्मेटविना खेळताना डोके बर्फावर आपटून दगावला होता.

तरीही लीग हलली नाही. एनएचएलच्या खालोखाल असलेल्या ‘एएचएल’ने २००६ मध्ये व्हायझर सक्तीचा केला. एनएचएलने मात्र आणखी वाट पाहिली. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या मार्क स्टालच्या डोळ्यावर पक आदळला. त्यानंतर काही महिन्यांतच नियम आला : २०१३-१४ च्या हंगामापासून, २५ पेक्षा कमी सामने खेळलेल्या प्रत्येकाला व्हायझर अनिवार्य. जुन्यांना सूट.

जुन्यांना सूट कशासाठी?

ही लीगची जुनी पद्धत आहे. हेल्मेटसक्तीही अशीच आली. १९७९ च्या जूननंतर करार करणाऱ्यांना हेल्मेट बंधनकारक झाले, आधीच्यांना मोकळीक मिळाली. परिणामी क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ पर्यंत उघड्या डोक्याने खेळला. म्हणजे नियम पूर्ण लागू व्हायला १८ वर्षे लागली. वाद टळतो हा या पद्धतीचा फायदा. पण पक जुना खेळाडू आणि नवा खेळाडू असा भेद करत नाही. साधारण १६० ग्रॅम वजनाची ही कडक रबरी चकती ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगानेही येऊ शकते.

आज बिनव्हायझरचे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यामुळे खरा प्रश्न आता व्हायझर आहे की नाही हा नसून तो कसा बसवला आहे हा आहे.

मग नियम काय सांगतो?

एनएचएलच्या नियमानुसार व्हायझर डोळ्यांना पुरेसे संरक्षण मिळेल अशा रीतीने बसवलेला असावा. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे खेळाडूवर सोडलेले दिसते. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम अधिक स्पष्ट आहे. समोरून आणि बाजूने पाहिले असता व्हायझरने डोळे आणि नाकाची खालची कड झाकली पाहिजे. रंगीत काच चालत नाही. महिला खेळाडूंना तर पूर्ण चेहरा झाकणारे संरक्षणच लागते.

विरोधाभास पाहा. स्टिकच्या पात्याचा बाक पाऊण इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, असे एनएचएलचा नियम आकड्यात सांगतो. डोळ्यासमोरच्या व्हायझरला मात्र असे कोणतेही माप नाही.

योग्य पद्धतीने कसा बसवायचा?

सुरुवात हेल्मेटपासून करावी लागते, कारण व्हायझर त्यालाच टांगलेला असतो. हेल्मेट मागे सरकले की व्हायझरही वर उचलला जातो. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या साधारण एक बोट वर हवी आणि हनुवटीचा पट्टा नीट आवळलेला हवा. मान हलवल्यावर हेल्मेट सरकता कामा नये.

• हेल्मेट डोक्यावर असतानाच दुसऱ्या कोणी व्हायझर धरून पाहावा. खालची कड नाकाच्या खाली येते का, दोन्ही बाजू समान आहेत का आणि पायाजवळचा पक दिसतो का, हे तपासूनच चिकटपट्टीने जागा पक्की करावी.

• हेल्मेटला कंपनीने दिलेली भोके असतील तर तीच वापरावीत. मनाने नवी भोके पाडल्यास कवच कमकुवत होऊ शकते आणि त्यावरील प्रमाणपत्राचाही अर्थ उरत नाही.

• सोबत आलेले रबरी वॉशर आणि स्पेसर टाकून देऊ नयेत. स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने, डावा-उजवा असे आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत.

यामागे साधे शास्त्र आहे. व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असतो. हे प्लास्टिक जबरदस्त धक्का सोसते, पण भोकाच्या कडेला सतत ताण राहिला तर तिथूनच तडा जातो. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावले जाणारे थ्रेडलॉकर आणि अमोनियायुक्त काच-क्लीनरही या प्लास्टिकला घातक ठरतात. पुसायला स्वच्छ पाणी आणि मऊ कापड पुरते.

खेळाडू तो वर का बसवतात?

त्यांची तक्रार खोटी नाही. घाम आणि श्वासाने व्हायझर धुरकट होतो, ओरखडे पडतात, पायाजवळचे नीट दिसत नाही. पण यावर धुके न धरणारा लेप, कापड आणि वेळेवर बदललेला व्हायझर हे उपाय आहेत. फुटलेल्या डोळ्यावर नाही. शिवाय अर्धा व्हायझर मुळातच जबडा आणि दात उघडे ठेवतो. तोही दोन बोटे वर चढवला तर खालून येणारी स्टिक थेट डोळ्यापर्यंत पोहोचते. मग तो केवळ नियमापुरता उरतो. हनुवटीचा पट्टा न लावता, सिग्नलवरच्या पोलिसाला दाखवण्यापुरते हेल्मेट घालणाऱ्या आपल्याकडच्या दुचाकीस्वारांना हे वेगळे सांगायला नको.

भारताचा संबंध काय?

आइस हॉकी भारतात प्रामुख्याने लडाखमध्ये रुजली आहे. भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. लडाखमधील अनेक खेळाडू परदेशातून देणगी म्हणून आलेल्या, आधी वापरलेल्या साहित्यावर हा खेळ शिकले. अशा वेळी एका कंपनीचे हेल्मेट आणि दुसऱ्या कंपनीचा व्हायझर अशी जोडी जमवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच साहित्य देणाऱ्यांनी आणि शिबिरे घेणाऱ्यांनी हेल्मेटची स्थिती, त्यावरील प्रमाणपत्राची मुदत आणि फिटिंग तपासून देण्याची जबाबदारीही उचलायला हवी.

पुढे काय व्हावे?

एनएचएलने आंतरराष्ट्रीय महासंघाचे माप स्वीकारावे आणि सामन्याआधी संघाच्या साहित्य व्यवस्थापकाने ते तपासावे. यासाठी ना मोठा खर्च लागतो, ना नवे तंत्रज्ञान. मास्टरटननंतर हेल्मेटसक्तीला ११ वर्षे लागली, बेरार्डनंतर व्हायझरला १३. व्हायझर नाकाखाली आणायला आणखी एका डोळ्याची किंमत मोजावी लागू नये.