शाळा सोडायची की छडी? मीरा रोडच्या पालकांपुढचा प्रश्न

मीरा रोडला नया नगरात चार पालक एकत्र बसले की हल्ली दोन नवे शब्द कानावर येतात. एक 'अनस्कूलिंग' आणि दुसरा 'जेंटल पॅरेंटिंग'. मोबाइलवर कुणीतरी बेंगळुरूची किंवा अमेरिकेतली एखादी आई पाहिलेली असते. तिची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच मनाला येईल ते शिकतात आणि ती त्यांच्यावर आवाजही चढवत नाही. आपल्याकडची अम्मी हे पाहते तेव्हा एका हाताने डबा भरत असते आणि दुसऱ्या हाताने झोपेतल्या पोराला मोजे चढवत असते. खाली व्हॅनवाला हॉर्न देतोय. तिच्या मनात येणारच, हे आपल्याला का जमू नये?

आमच्या घरीही हा विषय निघाला. वाद झाले, आणि दादीने दोन्ही बाजूंना सुनावलं. त्यातून आमचं एक मत बनलं, तेच इथे मांडतो आहोत. या दोन गोष्टी एकाच पुडीत बांधून विकल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. मुलावर हात न उचलणं आजपासून सुरू करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. शाळा सोडणं हा मामला दुसरा आहे, आणि मुस्लीम कुटुंबाला तो फार महाग पडू शकतो.

आधी मारण्याबद्दल बोलू.

जून 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात एका बापाने 'नीट'च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून आपल्या मुलीला इतकं मारलं की ती वाचली नाही. बाप स्वतः शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपल्यापासून खाडीपलीकडे वसईत, उशिरा आली म्हणून एका शाळकरी मुलीला उठाबशा काढायला लावल्या आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. शिक्षेमुळेच हे झालं, असा घरच्यांचा आरोप आहे. एक घटना घरातली, एक शाळेतली. दोन्हीकडे मारणारा किंवा शिक्षा करणारा माणूस 'मुलीच्या भल्यासाठी' हेच म्हणणार.

शाळेपुरता कायदा स्पष्ट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. घराचं काय? ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा विनाकारण त्रास दिला, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आई-बाप यातून आपोआप सुटत नाहीत. पण घरातल्या चापटीला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. स्वीडनने तो 1979 मध्येच केला, शेजारच्या नेपाळने 2018 मध्ये. आपल्याकडे चापट ही अजून घरची बाब समजली जाते. मीरा रोडच्या वन बीएचकेमध्ये तर भिंतीपलीकडे रडणं ऐकू येतं, शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतो आणि प्रश्न मिटतो.

आपल्या घरांत आणखी एक दलील हमखास येते. सात वर्षांच्या मुलाला नमाज शिकवा आणि दहाव्या वर्षीही पढत नसेल तर सक्ती करा, या अर्थाच्या हदीसचा हवाला दिला जातो. हदीस आहे, नाकारायचं कारण नाही. पण ती पूर्ण वाचायला हवी. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं रोज पाच वेळा प्रेमाने सांगणं आलं. ते किती घरांत झालेलं असतं? शिवाय तोंडावर मारू नये, वळ उठू नये, रागाच्या भरात हात टाकू नये, अशा मर्यादा उलेमांनी घालून ठेवल्या आहेत. आणि गणिताचा गृहपाठ त्या हदीसमध्ये कुठेच नाही. ह. अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षं प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत होते. त्या काळात आपल्याला एकदाही नाराजीचा शब्द ऐकावा लागला नाही, अशी त्यांची साक्ष आहे. ही रिवायत आपण जलशात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येऊन पोराचा कान पिळतो.

सहाशे वर्षांपूर्वी इब्ने खल्दूनने 'मुकद्दिमा'मध्ये याच विषयावर एक प्रकरण लिहिलं. फार सक्तीने वाढवलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, आळशी होतं, मनात एक आणि तोंडावर एक ठेवतं, असं त्याचं निरीक्षण आहे. 'जेंटल पॅरेंटिंग' ही गोऱ्यांची फॅशन आहे म्हणणाऱ्यांनी आपल्या कपाटातली पुस्तकंही उघडावीत.

मात्र मारणं थांबवलं की दुसऱ्या दिवशी घर शांत होतं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे पहिला महिना उलटाच गेला. मार बंद झालाय हे मुलांना दोन दिवसांत कळलं, आणि कुठपर्यंत ताणता येतं ते त्यांनी पाहून घेतलं. मोबाइल रात्री अकरापर्यंत. जेवणाच्या ताटावरून रुसवा. दादी म्हणाली, "लाड करके सर पे चढाया." तिचं अगदीच चुकत नव्हतं, कारण आम्ही हात थांबवला होता, पण त्याच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. सौम्य शिस्त म्हणजे नियम नसणं असा आमचा समज झाला होता. पुढे नियम थोडेच ठेवले, पण ते हलू दिले नाहीत. इशाच्या नमाजनंतर मोबाइल अम्मीच्या कपाटात, मोठ्यांचाही. हा शेवटचा भाग अब्बूंना सगळ्यात जड गेला. विरार लोकलमध्ये लोंबकळून रात्री नऊला घरी पोचलेल्या माणसाला शांत आवाजात बोल म्हणणं सोपं नसतं, हेही मान्य करायला हवं. आम्ही एवढंच ठरवलं की घरात शिरल्यावर पहिला अर्धा तास प्रगतीपुस्तकाचा विषय काढायचा नाही.

आता शाळा सोडण्याबद्दल.

'अनस्कूलिंग' हा शब्द अमेरिकेतले शिक्षक जॉन होल्ट यांनी 1977 च्या सुमारास वापरात आणला. मूल स्वतःच्या कुतूहलाने शिकतं, वेळापत्रक आणि परीक्षा त्या कुतूहलाला मारतात, हे त्यांचं म्हणणं. हा विचार आपल्या भागाला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. फरक एवढाच की त्यांनी शाळा बदलली, मुलाला शाळेतून काढलं नाही.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण लोक हटकून देतात. आईने तिला सातवीत शाळेतून काढलं. तिने संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश घेतला. उदाहरण खरं आहे. पण बारावीचा कागद नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही तितकंच खरं. बाकीच्यांना एमआयटी बोलावणार नाही. आपल्या पोरांना इथल्याच कॉलेजच्या खिडकीवर उभं राहायचं आहे.

सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं होतं की देशातली 6 ते 14 वयाची एक चतुर्थांश मुस्लीम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. त्यांना कुणी 'अनस्कूलर' म्हटलं नाही. गॅरेजमध्ये, बेकरीत, जरीच्या कारखान्यात ती मनाप्रमाणे शिकत नव्हती. ज्या समाजाने शाळा मिळवायला दोन पिढ्या घालवल्या, त्याने ती सोडताना इतरांपेक्षा जास्त विचार करायला हवा.

आणि कागद. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण एलसी म्हणतो, त्यावर जन्मतारीख असते, जन्मठिकाण असतं, जात असते. महाराष्ट्रात 1994 पासून अनेक मुस्लीम बिरादऱ्यांना ओबीसी सवलती मिळू लागल्या: तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार. पण जातीचं प्रमाणपत्र काढायला गेलं की 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. मग माणसं रजा टाकून रत्नागिरीच्या किंवा बीडच्या गावी जातात, जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव शोधतात. आजोबा दुसरीतूनच शाळा सोडून गेलेले असतात, पण त्या एका ओळीवर नातवाची मेडिकलची सीट उभी राहते. 2025 मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांचं सखोल पुनरीक्षण झालं. तिथे मान्य केलेल्या अकरा कागदांतही मान्यताप्राप्त मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र होतं. शाळेचा कागद काय कामाचा, असं उच्चवर्गीय पालक सहज म्हणू शकतात. आपल्याला ते परवडत नाही.

मुलींच्या बाबतीत तर स्पष्टच बोलू. 'आम्ही तिला घरीच शिकवतो' हे वाक्य आम्ही चांगल्या-चांगल्या घरांत ऐकलं आहे. दोन वर्षांनी पाहावं तर भाकरी उत्तम जमते, धाकट्या भावंडांना ती छान सांभाळते आणि स्थळं येऊ लागलेली असतात. पुस्तक कुठे गेलं, कुणालाच आठवत नाही.

तरीही शाळेबाहेर शिकण्याची एक परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे, फक्त आपण तिला ते नाव देत नाही. हिफ्जसाठी मुलाला दोन-तीन वर्षं शाळेतून काढणं हे अनेक घरांत होतं. अडचण पुढे येते. हाफिज झालेला मुलगा चौदा वर्षांचा असतो आणि सहावीच्या बाकावर बसायला लाजतो. बिदरच्या शाहीन संस्थेने नेमकं हेच ओळखून 'हिफ्जुल कुरआन प्लस' हा उपक्रम काढला. शाळा न पाहिलेल्या हुफ्फाज मुलांना तिथे दहावीपर्यंत आणि पुढे नेलं जातं. म्हणजे बाहेर पडायला हरकत नाही, परतीचा रस्ता आधी पाहून ठेवलेला असावा.

तो रस्ता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. आपल्या एसएससी बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही परीक्षा देता येते. त्याला पुन्हा शाळा सोडल्याचा दाखला किंवा तो नसल्यास प्रतिज्ञापत्र लागतंच. खरोखर घरी शिकवायची ताकद आणि वेळ असलेल्या पालकांनी हे फॉर्म आधी हातात घ्यावेत, मग शाळेत अर्ज द्यावा.

ज्यांना शाळा सोडायची नाही त्यांना रविवार आहे. भाईंदरची मिठागरं इथेच आहेत, समुद्राच्या पाण्याचं मीठ कसं होतं ते डोळ्यांनी दिसतं. घोडबंदरचा किल्ला रिक्षाच्या अंतरावर आहे. उत्तनला कोळी बांधवांच्या बोटी लागतात, कुठली मासळी कुठल्या महिन्यात येते ते तिथे विचारलं तर कुणीही सांगतं. जानेवारी 2024 च्या त्या रात्रीनंतर आम्हीही काही दिवस मुलांना बिल्डिंगच्या खाली पाठवलं नव्हतं. घरात कोंडलेली मुलं काय शिकतात ते तेव्हा पाहिलं: एकमेकांशी भांडायला. शाळा पुन्हा सुरळीत झाली आणि वेगवेगळ्या आडनावांच्या मुलांसोबत डबा खाऊन आली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

परवा धाकट्याला गणितात 25 पैकी 9 गुण मिळाले. पेपर त्याने स्वतः दप्तरातून काढला आणि सही मागितली. गेल्या वर्षी असले पेपर आम्हाला गादीखाली सापडायचे.