टाळू माझी, निदान गावाचं

मंडळी, दोन महिने ब्लॉगवर काही लिहिलं नाही. नातेवाइकांपैकी काहींनी मला मनातल्या मनात पोचवलंही असेल. म्हणून एकदाच लिहितो, आणि जरा रागानेच.

टाळूवर मागच्या बाजूला आधी सूज आली, मग रुपयाएवढा खड्डा पडला. मेडशीच्या स्टँडवर लगेच निदान झालं, "गुर्जी, हे तं कॅन्सरच व्हय." आमच्याकडे खर्रा इतका की दुसरं काही सुचतच नाही. (मी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. पोरांच्या खिशातल्या पुड्या मात्र पोतंभर फेकल्या असतील.) दुसरा पक्ष म्हणे, उष्णता आहे, जिरं-खडीसाखर खा, पण तुकडा काढू देऊ नका, त्यानं पसरतं. हे दोन्ही पक्ष मला सारखेच घातक वाटतात.

तुकडा काढलाच. पण इवलासा, वरवरचा. अहवाल आला, कॅन्सरची शक्यता. टाळू कापायची तारीखही ठरली. मुलगी हट्टी. तीच काचपट्टी आणि मेणातला ठोकळा घेऊन ती तोंडाच्या रोगांच्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेली. तिथे नाव कळलं, नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेसिया. टाळूत लहान लहान लाळग्रंथी असतात. त्यांचा रक्तपुरवठा तुटला की त्या मरतात, नळ्यांच्या पेशी रूप बदलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब कॅन्सरचं सोंग घेतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७३ सालीच याचं वर्णन करून ठेवलंय. काही आठवड्यांत आपोआप भरतं.

आता यावरून कोणी "टाळूवरचं आपोआप बरं होतं" असं समजू नका! याच ग्रंथींची प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा ही गाठ साधी असते, दुखत नाही, पण वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर कधी कधी तिचा कॅन्सर होतो. आणि टाळूवरच्या ग्रंथींच्या गाठी मुळातच कॅन्सरच्या निघण्याचं प्रमाणही कमी नाही. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखतो म्हणणारा माणूस थापा मारतो, मग तो स्टँडवरचा असो की पांढऱ्या कोटातला.

डॉक्टरांवर माझा राग चुकीबद्दल नाही, घाईबद्दल आहे. तुकडा पुरेसा खोल घ्यायला किती वेळ लागतो? बोर्डाच्या पेपरला आम्ही मॉडरेटर नेमतो, पोरगा दोन मार्कांसाठी फेरतपासणी मागतो. इथे अख्खी टाळू जाणार, आणि दुसरं मत मागितलं तर "आमच्यावर विश्वास नाही का?" नाही, साहेब. नव्हता.

खड्डा आठव्या आठवड्यात भरला. घरच्यांच्या समाधानासाठी मी थोडं जिरंही खाल्लं होतं. आता स्टँडवर सगळे सांगतात, गुर्जीले जिऱ्यानं गुण आला.