आपला वॉर्ड कोणता?

कुर्ल्याच्या बाजारात कुणालाही विचारा, तुमचा वॉर्ड कोणता? बहुतेक दुकानदार नगरसेवकाच्या प्रभागाचा नंबर सांगतात. परवान्याच्या कामी तो नंबर फारसा उपयोगी नाही. तिथे अक्षर लागते, आणि आपले अक्षर आहे ‘एल’.

या एल वॉर्डाचा पसारा केवढा, याची कल्पना आपल्यालाच नसते. पूर्वेला नेहरूनगर-चुनाभट्टी, उत्तरेला साकीनाका-चांदिवली, पश्चिम अंगाला मिठी नदी आणि विमानतळाची भिंत. २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती नऊ लाखांच्या घरात होती. त्याच जनगणनेत भिवंडी सात लाखांची आणि मालेगाव पाच लाखांच्या आतले. त्या दोन्ही यंत्रमागाच्या शहरांना स्वतःची महापालिका आणि स्वतःचा आयुक्त आहे. आपल्या वाट्याला एक सहायक आयुक्त, आणि त्याच्या वरचा प्रत्येक मोठा निर्णय बोरीबंदरच्या मुख्यालयात.

माझ्या ओळखीचे एक जरीवाले कारखानदार साकीनाक्याच्या पुढे गाळा चालवतात. पत्त्यात ‘अंधेरी’ लिहिलेले, म्हणून दलालाने त्यांना शेजारच्या वॉर्डात नेले. तीन महिने हेलपाटे घातल्यावर कळले की गाळा एल वॉर्डात आहे. दलालाचे पैसे गेले ते गेलेच. चूक दलालाची खरी, पण नकाशा आपणही पाहिला नव्हता.

वॉर्ड कळला तरी काम संपत नाही. साठवण आणि ठरावीक धंद्यांचा परवाना महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खाली, कारखान्याची परवानगी कलम ३९० खाली, आगीचा दाखला अग्निशमन दलाकडून. जमीन मात्र कुठे कलेक्टरची, कुठे रेल्वेची, कुठे विमानतळाची. उपनगर जिल्ह्याचे कलेक्टर कार्यालय वांद्र्याला, आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन एमएमआरडीएच्या हाती. एका गाळ्याला इतके मालक!

या गुंत्याचा आडोसा घेऊन आपल्यातलेच काही जण बिनपरवाना चालवतात, हेही कबूल करावे लागेल. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागून १२ कामगार गेले. परप्रांतातून रोजीसाठी आलेली ती माणसे गाळ्यातच झोपली होती. आगीचा दाखला म्हणजे बाबूला द्यायचा कागद, असे म्हणणाऱ्यांनी ती पहाट आठवावी.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचाच कारभार होता. सुमारे चार वर्षे प्रभाग समितीत आपले गाऱ्हाणे मांडायला निवडून आलेला माणूसच नव्हता. आता नगरसेवक आहेत. पण आपण त्यांना भेटतो ते लग्नात, नाहीतर दुकानासमोरची फळी उचलली गेल्यावर.

त्याऐवजी सी.एस.टी. रोडचे सुट्या भागांचे दुकानदार, भंगारवाले आणि साकीनाक्याचे कारखानदार यांनी एकत्र बसून दोनच मागण्या लेखी द्याव्यात. माल चढवण्या-उतरवण्याची ठरलेली वेळ व जागा, आणि पावसाळ्याआधी मिठीचा गाळ काढल्याची पाहणी व्यापाऱ्यांसमोर. २६ जुलै २००५ ला ज्यांचा माल पाण्यात गेला, त्यांना दुसरी मागणी समजावून सांगायची गरज नाही. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी.