ते आपले नाहीत

आमच्या चर्चच्या कपाटात एक हिरवी फाईल आहे. ट्रस्टचा दाखला, सातबारा, दफनभूमीचा नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं तीत. पंचकमिटीचा सेक्रेटरी म्हणून ती नऊ वर्षं माझ्याकडे आहे. छळाचे दिवस आले तर काय करायचं असा विषय निघाला की मंडळीत कोणी उपास धरायला सांगतं, कोणी प्रकटीकरणाचं पुस्तक उघडतं. मी फाईल काढायचो. तेवढी तयारी पुरेशी आहे असं मला वाटायचं.

शेजारच्या गावात एका ऊसतोड मजुराच्या पत्र्याच्या घरात दर गुरुवारी प्रार्थना व्हायची. बारा-पंधरा माणसं, एक डफली, दोन सतरंज्या. तिथला पास्टर दिवसा रंगकाम करतो. नाताळाच्या तोंडावर एका गुरुवारी दहा-बारा पोरं दारात येऊन उभी राहिली, मोबाईल चालू. "परवानगी आहे का? डोक्यामागं किती मिळतात?" सतरंजीवर बसलेल्या बायांनी पदरात तोंडं लपवली, तरी रात्रीत ती तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचली. पास्टरला चौकशीला नेलं, साडेअकराला सोडलं. सकाळी त्याचा मला फोन. "सेक्रेटरीसाहेब, सलाम. एखादा वकील मिळेल का?"

मी कमिटी बोलावली. चहा झाला. मग आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "ते आपले नाहीत. त्यांचं ना रजिस्टर, ना धर्मप्रांत. टाळ्या पिटत बसतात." कोणी काही बोललं नाही, मीही नाही. मिनिटबुकात "विषय तहकूब" हे शब्द माझ्याच अक्षरात आहेत.

मग रविवारी आम्ही उपासना संगीतातून नारायण वामन टिळकांची गाणी म्हटली, नेहमीसारखी मोकळ्या गळ्याने. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांची आणि लक्ष्मीबाईंची काही वर्षं ताटातूट झाली, हे आमच्या पोरांनाही पाठ आहे. पण 1917 मध्ये याच टिळकांनी मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही एकत्र बसवणारा. आमच्या ज्येष्ठांच्या हिशेबाने टिळकही आपले नव्हेत.

2008 च्या ऑगस्टमध्ये ओडिशातल्या कंधमालमध्ये जमावाच्या भीतीने ख्रिस्ती माणसं घरंदारं टाकून जंगलात पळाली. जमावाने कोणाला धर्मप्रांत विचारला नाही. 827 गुन्हे नोंदले गेले. त्यातल्या 315 प्रकरणांत गुन्हाच घडला नाही, नाहीतर आरोपी सापडत नाहीत, असं सांगून तपास मिटवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा पाहायला लावली ती 2016 साली. ज्याचं घर जळलं त्याच्याकडे तोवर कागद कुठला उरणार?

म्हणून तयारी शब्दाचा माझा अर्थ आता अगदी कोरडा झाला आहे. घरात बसून प्रार्थना करायला घटनेचं कलम 25 आहे, भोंगा लावायचा तर परवानगी लागते. चालू प्रार्थनेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. तपासातल्या जबाबासाठी पोलिसांना बाईमाणसाला तिच्या घराबाहेर बोलावता येत नाही. हे पाच-सहा मुद्दे मी एका पानावर मोठ्या अक्षरात टाईप करून घेतले. स्टेपलरसकट अडीचशे रुपयांचं काम. नऊ वर्षांत ते मला सुचलं नव्हतं.

आमच्या लोकांना न आवडणारंही एक सांगतो. "कोणताही आजार हमखास बरा" असा बॅनर लावायचा, कोणाच्या गोळ्या बंद करायच्या, माईकवरून दुसऱ्याच्या देवाची टवाळी करायची, आणि लोक अंगावर आले की त्याला छळ म्हणायचं, हे मला मान्य नाही. तसल्या बॅनरवर बोट ठेवायला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पुरेसा आहे. त्या रंगकाम करणाऱ्या पोरालाही मी हे सुनावलं. त्याने मान खाली घालून ऐकलं, दुसऱ्या दिवशी बॅनर उतरवला.

आणि शेजार. त्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी जबाब ख्रिस्ती माणसाचा नव्हता. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशी ठाण्यातल्या साहेबांना म्हणाल्या, "चार वर्षं दर गुरुवारी गाणी ऐकते. मला कोणी पैसे दिले नाहीत आणि देव बदल असंही म्हटलं नाही. दळणाची उधारी मात्र वेळेवर देतात." असा जबाब ऐनवेळी मिळवता येत नाही. त्यासाठी चार वर्षं उधारी फेडावी लागते.

तहकूब विषय मी पुढच्या बैठकीत पुन्हा घेतला. वाद झाला, एक राजीनामा आला, तो नंतर परतही गेला. आता हिरव्या फाईलमध्ये तालुक्यातल्या अशा अकरा घरांची यादी आहे, प्रत्येक घरापुढे एका वकिलाचा आणि आमच्यातल्या एका माणसाचा नंबर. पत्र्याच्या घरातली प्रार्थना आता रविवारी दुपारी होते. कमिटीतले दोघे आळीपाळीने तिथे जाऊन बसतात. टाळ्याही वाजवतात, जरा अवघडून. ते ज्येष्ठ अजून आलेले नाहीत.